देहातील जुळणी आणि विघटन
(व्याख्यानाचा मजकूर)



भाकरीचा घास बराच वेळ चावला की तो किंचित गोड लागू लागतो, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. या गोडीमागे देहाचा एक अखंड व्यवहार दडलेला आहे. लहान रेणू एकमेकांस जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. आणि तो सांधा सुटताना पाण्याचा तेवढाच एक रेणू खर्ची पडतो.

ग्लुकोजचा रेणुभार १८०. असे दोन रेणू जुळले की बेरीज ३६० व्हावी. परंतु तयार झालेल्या माल्टोजचा रेणुभार ३४२ भरतो. उरलेले १८ म्हणजे पाण्याचा एक रेणू! ताळेबंद अचूक जुळतो. ज्वारीतील स्टार्च म्हणजे अशाच असंख्य ग्लुकोजची साखळी. लाळेतील विकर पाण्याच्या साहाय्याने ती तोडू लागते आणि जिभेस गोडी जाणवते.

प्रथिनांसही हाच नियम लागू आहे. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे प्रथिन. त्यात एक साखळी २१ ची, दुसरी ३० ची. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगर यांनी आम्ल व विकरे वापरून गाईच्या इन्सुलिनचे सांधे जागोजागी सोडवले, मिळालेले तुकडे परस्परांशी ताडून पाहिले आणि अमिनो आम्लांचा क्रम निश्चित केला. जुळणीचे रहस्य विघटनातून उलगडले. या कार्याबद्दल त्यांना १९५८ साली नोबेल पारितोषिक लाभले.

मधुमेही रुग्ण वारंवार विचारतात, 'इन्सुलिन गोळीसारखे गिळता का येत नाही?' उत्तर याच नियमात आहे. डाळीतील प्रथिन आणि गिळलेले इन्सुलिन यांत पचनसंस्था भेद करीत नाही. दोहोंचेही सांधे ती सोडवते. तुटलेला रेणू औषधाचे काम करू शकत नाही. म्हणून ते सहसा सुईने त्वचेखाली द्यावे लागते.

पूर्वी हे औषध गाई व डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. अहिंसाव्रती रुग्णापुढे ते मोठेच धर्मसंकट होते. १९७८ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी जीवाणूंकरवी मानवी इन्सुलिन घडवले. १९८२ साली तेथे त्यास औषध म्हणून मान्यता मिळाली आणि पशूंवरील अवलंबन संपण्याचा मार्ग खुला झाला.

सुईच्या भयाने किंवा जुन्या समजुतीने उपचार टाळणाऱ्या आप्तेष्टांना एवढे समजावून सांगितले, तरी या ज्ञानाचे सार्थक होईल.

जय जिनेंद्र!