पीळ आणि जीवा

(हीरक महोत्सवानिमित्त शाळेच्या सभागृहात एका माजी विद्यार्थ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



हीरक महोत्सवात माजी विद्यार्थ्याने उभे राहायचे ते आठवणी सांगण्यासाठी, असा प्रघात आहे. मी मात्र आज एका दोरीविषयी बोलणार आहे. धनुष्याच्या दोरीविषयी. तिला धरून ज्या आठवणी येतील तेवढ्या येऊ देतो. बाकीच्या माझे वर्गबंधू चहाच्या वेळी सांगतीलच, आणि त्या मला विशेष अनुकूल नसतील.

माझ्या कानांवर पहिली प्रत्यंचा वाजली ती कोणा धनुर्धराची नव्हे. दिवाळी सरली की पहाडगंजातल्या आमच्या गल्लीत रजया भरून देणारा पिंजारी येत असे. खांद्यावर भलामोठा कमठा, त्याला ताणून बसवलेली तात, हातात लाकडी ठोकळा. तातेवर ठोकळा पडला की घुमणारा तो खर्ज ऐकून दिल्लीची थंडी आली हे आम्हांला कळे. आता कापूस यंत्रावर पिंजतात आणि तो नाद गेला. पण ताणलेल्या दोरीत काही शक्ती दडलेली असते आणि ती बोलते, हे मला त्या पिंजाऱ्याने शिकवले.

पुढे याच इमारतीत आम्ही भूमिती शिकलो. वर्तुळावरील दोन बिंदू जोडणाऱ्या रेषाखंडाला ‘जीवा’ म्हणतात, हे आम्ही पाठ केले. जीवा म्हणजे धनुष्याची दोरी, हे त्या वेळी कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. जीवा आणि ज्या ही एकाच अर्थाची दोन नावे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास जी कोष्टके दिली ती अर्धज्यांची, म्हणजे अर्ध्या दोरीची. तोच शब्द अरबीत ‘जीबा’ झाला, तेथे ‘जैब’ म्हणून वाचला गेला, बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्याचा ‘सायनस’ केला आणि आज आपली मुले ‘साइन थीटा’ म्हणून तो परत घेतात. संस्कृतात दोरीला ‘गुण’ असेही म्हणतात. परीक्षेत गुण कमी पडणाऱ्या माझ्यासारख्यांना एवढे समाधान पुरे.

आता मूळ प्रसंग सांगतो. माझी नात बारा वर्षांची असताना तिला तिरंदाजीचा नाद लागला. आम्ही मयूर विहारला राहतो. तिथून यमुना क्रीडा संकुल फारसे दूर नाही. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांतील तिरंदाजी त्याच संकुलात झाली होती आणि अंतिम सामने इंडिया गेटजवळ. दीपिका कुमारीने तेव्हा दोन सुवर्णपदके मिळवली. नातीच्या डोळ्यांसमोर मात्र साताऱ्याची अदिती स्वामी होती. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी जगज्जेती झालेली मुलगी आपल्याच भाषेत बोलते, याचे तिला भारी अप्रूप. अदितीचे धनुष्य कप्प्यांचे, ज्याला कंपाउंड म्हणतात. नातीचे साधे, लाकडी पात्यांचे, बासष्ट इंची, चोवीस पौंड ताणाचे.

आंतरशालेय स्पर्धेला नऊ दिवस उरले असताना तिच्या धनुष्याची दोरी विरली. एका दुकानातून नवी आणली ती लांब निघाली. दोरी लांब असली की ती धनुष्याच्या मुठीला फार जवळ येते आणि बाण सुटताच डाव्या हाताच्या आतल्या बाजूवर फटकारते. दुसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा हात घेऊन पोर घरी आली. तक्रार केली नाही, पण धनुष्य कोपऱ्यात उभे करून ठेवले. योग्य मापाची दोरी यायला पंधरा दिवस लागतील, असे दुकानदार म्हणाला. मी आयुष्यभर आरेखनाचे काम केलेला माणूस. मनात म्हटले, धनुष्याची पाती मला घडवता येणार नाहीत, मूठ कोरता येणार नाही. पण दोरी म्हणजे दोराच ना?

येथे थोडे विषयांतर करतो. दोरी कशाची करावी याचा विचार आपल्याकडे फार पूर्वीच झाला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणी दोरीचे सहा प्रकार सांगितले आहेत: मूर्वा, अर्क, शण, गवेधु, वेणु आणि स्नायू. अर्क म्हणजे आपली रुई. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो तीच यमुनेच्या पडीक काठावर हवी तेवढी उगवते. शण म्हणजे तागाच्या जातीचा वाख, वेणु म्हणजे बांबू, स्नायू म्हणजे जनावराच्या शिरा. सातपुड्यातील भिल्लांच्या कमठ्याला बांबूच्या चिंबळीचीच दोरी असते. मूर्वा नेमकी कोणती यावर विद्वानांत एकमत नाही, पण दोरीला ‘मौर्वी’ हे नाव तिच्यावरूनच पडले. मनुस्मृतीत मुंजीच्या वेळी ब्राह्मण बटूला मुंज गवताची मेखला सांगितली आहे, तर क्षत्रिय बटूला मूर्वेची, म्हणजे चक्क धनुष्याची दोरी कमरेला. इंग्रजीत ‘धनुष्यदोरीचा ताग’ या अर्थाच्या नावाने ओळखले जाणारे एक झाड दिल्लीतील प्रत्येक कचेरीच्या जिन्यात कुंडीत उभे असते: उभ्या पानांचे, पट्ट्यापट्ट्यांचे. त्याच्या पानांतला धागा दोरीला चालतो, हे पाणी घालणाऱ्याच्या गावी नसते.

मी अर्थात रुईच्या मागे लागलो नाही. डॅक्रॉनचा धागा मागवला. हा एक प्रकारचा पॉलिएस्टर. त्याच्या एका पदराला सुमारे पन्नास पौंड वजन पेलते. मी बारा पदर घेतले, म्हणजे कागदोपत्री सहाशे पौंड. चोवीस पौंडांच्या धनुष्याला एवढे कशाला, असा प्रश्न पडेल. बाण सुटताना पाती पुढे झेपावतात आणि त्यांना एका क्षणात अडवायचे काम दोरीलाच करायचे असते. त्या क्षणीचा ताण ओढण्याच्या ताणाच्या कितीतरी पट असतो. शिवाय बाणाच्या शेपटाची खाच दोरीवर नेमकी बसायला जाडीही हवी. याहून नवे, अतिशय चिवट धागे मिळतात. ते जवळजवळ ताणलेच जात नाहीत आणि बाण वेगाने जातो. पण डॅक्रॉन थोडा ताणला जातो, म्हणून धक्का सोसतो. जुन्या किंवा साध्या लाकडी धनुष्यावर तो न ताणणारा धागा चढवला तर सगळा धक्का पात्यांच्या टोकांवर येतो आणि ती चिरतात. मजबूत ते चांगलेच, असा नियम इथे लागू पडत नाही.

पद्धत सांगतो. धनुष्याच्या लांबीहून सुमारे दीड फूट जास्त असे बारा पदर कापावेत आणि सहा-सहांचे दोन पेड करावेत. पदरांची टोके एकाच ठिकाणी संपू देऊ नयेत, मागेपुढे ठेवावीत, म्हणजे शेवट निमुळता होतो. टोकांना मधमाश्यांचे मेण चोळावे. मग टोकापासून आठ-नऊ इंचांवर वळायला सुरुवात करावी. तीनेक इंच वळून झाले की तो भाग दुमडून फास करावा, शेपट्या आपापल्या पेडात मिसळाव्यात आणि त्या पूर्ण विरून जाईपर्यंत वळत राहावे.

माझी पहिली दोरी मी रात्री अकरापर्यंत बसून केली. दिसायला सुरेख. धनुष्यावर चढवली, हलकेच ओढली, आणि फास सुटला. पाती उसळून कपाटाच्या काचेवर आदळली. काच फुटली, माझ्या कपाळाला खरचटले. नात दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही. पण त्या क्षणापासून माझ्या हातच्या दोरीवर तिचा विश्वास उरला नाही, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसले. पूर्ण ओढलेली दोरी तिरंदाजाच्या हनुवटीला टेकलेली असते. तिथे विश्वास नसेल तर धनुष्य उचलूच नये.

काचा गोळा करताना माझ्या पत्नीने ती सुटलेली दोरी उचलून पाहिली. तिचे माहेर सातारा जिल्ह्यातले. बेंदराच्या आधी बैलांसाठी नवे कासरे आणि दावी वळणारे वडील तिने लहानपणी पाहिले होते. ती म्हणाली, “अहो, पेडाला ज्या दिशेने पीळ दिलात त्याच दिशेने दोन्ही पेड एकमेकांवर गुंडाळलेत. सुटणारच. पेड उजवीकडे पिळायचा आणि डावीकडे टाकायचा.” एवढेच. प्रत्येक पेड आपला पीळ सोडू पाहतो आणि तसे करताना दुसऱ्याला अधिकच घट्ट आवळतो. दोघांची ओढ एकमेकांविरुद्ध, म्हणूनच दोर टिकतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण मी शंभरदा वापरली असेन. तो पीळ राहतो कसा, ते साठी उलटल्यावर समजले.

आणि तेव्हा या शाळेतला टकळीचा तास आठवला. हस्तकलेच्या बाई आम्हांला पेळूतून सूत काढायला लावत. पीळ कमी पडला की धागा तुटे, जास्त झाला की गाठाळून वेटोळे घेई. आम्ही तो तास टिंगलीत घालवला. माझी टकळी बहुधा भोवऱ्यासारखी जमिनीवर फिरत असे. बाई आज हयात नाहीत. त्यांची मी येथे, उशिरा का होईना, क्षमा मागतो.

दुसरी दोरी करताना मी नातीला शेजारी बसवले. “ही तुटणार नाही,” असे मी म्हटले नाही. तसे म्हणण्याचा अधिकार मी गमावला होता. वरचा फास मी वळला आणि खालचा तिला वळायला दिला. बोटे दुखली, दोनदा उसवून पुन्हा केला. एक फास वळताना मधला भाग उलट पिळला जातो, तो दुसऱ्या फासापूर्वी मोकळा करावा लागतो. हे मी विसरलो होतो, तिच्या लक्षात आले. दोरी धनुष्यावर चढवण्यासाठी वेगळा पट्टा वापरला. पाय अडकवून वाकवण्याच्या आडदांडपणात पाती मुरडतात. मग मुठीपासून दोरीचे अंतर मोजले. बासष्ट इंची धनुष्याला ते साडेसात ते सव्वाआठ इंच असावे. आमचे सात भरले. दोरी काढून पीळ वाढवला की ती आखडते आणि अंतर वाढते. तीन वेळा असे करून पावणेआठांवर आलो. रात्रभर दोरी ताणून ठेवली, कारण नवा डॅक्रॉन थोडा सैलावतो. सकाळी पुन्हा पीळ दिला. बोटे आणि बाण जिथे लागतात त्या मधल्या भागावर नायलॉनचा धागा दाट गुंडाळला आणि बाण लावण्याची खूण काटकोनाच्या रेषेहून पाव इंच वर बांधली.

पहिले तीस बाण मी मारले, मैदानावर, बाकीच्यांना दूर उभे करून. एकही नीट लागला नाही, पण उद्देश तो नव्हताच. दर पाच बाणांनंतर दोन्ही फास तपासले. एकतिसाव्या बाणासाठी नातीने हात पुढे केला. दोरी ओढण्याआधी तिने आपण वळलेल्या फासावरून अंगठा फिरवला, आणि मग हनुवटीपर्यंत ओढली.

स्पर्धेत तिला पदक मिळाले नाही, सातवी आली. हात मात्र काळानिळा झाला नाही.

मुलांनो, दोन गोष्टी नीट ऐका. बाण न लावता धनुष्य ओढून सोडू नका; बाणाला मिळायची सगळी शक्ती पात्यांवर उलटते. आणि कप्प्यांच्या धनुष्याची दोरी घरी काढण्याच्या फंदात पडू नका; त्याला दाबयंत्र लागते आणि ते काम जाणकाराचेच आहे. साध्या धनुष्याचीही दोरी रोज पाहावी, एक पदर तुटलेला दिसला तरी ती बाद करावी, दिल्लीच्या कोरड्या उन्हात मेण वरचेवर चोळावे, आणि जोडीला दुसरी तयार दोरी असावी. महाभारताच्या कर्णपर्वात कर्ण अर्जुनाच्या अकरा दोऱ्या एकामागून एक तोडतो. पण अर्जुनाजवळ शंभर आहेत, हे त्याला ठाऊक नसते. आमच्या घरी सध्या चार आहेत, त्यांतल्या तीन नातीने एकटीने वळलेल्या.

ती पहिली दोरी, दोघांच्या हातची, आता निवृत्त आहे. ती मी बरोबर आणली आहे. वरचा आणि खालचा फास हातात घेऊन पाहिलात तर कोणता कोणाचा ते लगेच कळेल. माझा थोडा जाड झाला आहे. चहापानानंतर सातवीच्या वर्गात धाग्याचे रीळ, मेण आणि कात्री घेऊन मी बसणार आहे. ज्यांना वळून पाहायचे असेल त्यांनी यावे. बोटांना घाम येत असेल तर रुमाल आणावा.