खारे पाणी, गोडे पाणी आणि जिताड्याची पिले

(हीरक महोत्सवी विज्ञान सप्ताहाच्या समारोपप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. येथील तलाव गोड्या पाण्याचे आणि हेसरघट्ट्याचे मत्स्यसंशोधन केंद्रही गोड्या पाण्यातील माशांचेच. तरीही आज मी खाडीतल्या एका माशाविषयी बोलणार आहे. कारण शाळेत येणारे पालक जो प्रश्न मला वारंवार विचारतात, त्यावर या माशाची पिले थोडा प्रकाश टाकतात. हा मासा म्हणजे जिताडा. ज्यांचे मूळ घर रायगड जिल्ह्यात आहे, त्यांना त्याची ओळख करून देण्याची गरज नाही.

जिताडा अंडी घालतो तो खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात. पिले मात्र भरतीबरोबर खाडीत आणि पुढे गोड्या पाण्याकडे सरकतात. अलिबाग-पेणच्या खारेपाटातील शेतकरी पावसाळ्यात ही पिले पकडून भातशेतीलगतच्या तळ्यांत वाढवीत आले आहेत. १९९७ साली चेन्नईच्या ‘सीबा’ या केंद्रीय संशोधन संस्थेने बंदिस्त परिस्थितीत जिताड्याचे प्रजनन घडवून आणले आणि मत्स्यबीज केंद्रातील पिलांचा मार्ग मोकळा झाला. फरक इतकाच, की खाडीतले पिलू आपल्या चालीने गोड्या पाण्याकडे येते. केंद्रातल्या पिलाचे पाणी मात्र माणूस बदलतो.

हा बदल सोपा नसतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात; माशाच्या रक्तात त्याच्या साधारण एक तृतीयांश. त्यामुळे खाऱ्या पाण्यात माशाच्या अंगातले पाणी बाहेर खेचले जाते. तो सतत पाणी पितो आणि जादा क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात सारेच उलटे. तेथे पाणी अंगात शिरते आणि क्षार निसटू लागतात. म्हणून पाणी पिणे जवळजवळ थांबवून, पुष्कळ पातळ मूत्र टाकून, कल्ल्यांनी क्षार आत ओढून घ्यावे लागतात. कल्ल्यांतील पेशींना ही उलटी कामगिरी अंगवळणी पडण्यास अवधी लागतो.

पाणी टप्प्याटप्प्याने गोडे केले, तर पिले थव्याने पोहत राहतात आणि खाद्यावर झेपावतात. एकदम बदलले, तर पिलू लगेच मरतेच असे नाही; पण त्याचे वागणे बदलते. अंग काळवंडते, ते थव्यापासून बाजूला पडते, निपचित राहते, समोर आलेले खाद्य घेत नाही. जिताडा जात्याच शिकारी. खुंटलेल्या पिलाला मोठे पिलू गिळून टाकते. म्हणून केंद्रांत दर काही दिवसांनी पिले आकारानुसार वेगळी करतात. पिलांची देखभाल करणाऱ्याला पहिली सूचना मिळते ती खाद्य टाकल्यावर कोण पुढे येत नाही, यावरून.

साल्मन माशाचा प्रवास याच्या उलट दिशेचा. तो नदीत जन्मतो आणि पुढे समुद्रात जातो. लहानपणी हे पिलू नदीत आपली जागा राखून प्रवाहाकडे तोंड करून राहते. समुद्रात जाण्याची वेळ जवळ आली, की अंगावर चंदेरी झाक येते, ते थव्यात मिसळते आणि प्रवाहाबरोबर निघते. खारे पाणी लागण्यापूर्वीच शरीराची तयारी झालेली असते. त्याआधी समुद्रात ढकलले, तर ते टिकत नाही. आणि फार काळ अडवून ठेवले, तर ती तयारी ओसरते.

पालकहो, तुमचा प्रश्न असतो, ‘मुलाला मराठी माध्यमातून केव्हा काढावे?’ मुले म्हणजे मासे नव्हेत, आणि कोणतीही भाषा खारी वा गोडी नसते. पण घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, पुढे महाविद्यालयात इंग्रजी, असा पाण्याचा बदल या शहरातील आपल्या मुलांना अटळ आहे. तो टाळा असे मी म्हणणार नाही. माझा आग्रह त्याच्या गतीविषयी आहे. शैक्षणिक वर्षाच्या मध्येच माध्यम बदलू नका. कन्नड आणि इंग्रजी घरातही हळूहळू रुळू द्या. मराठी वाचन मात्र थांबवू नका. आणि बदल केलाच, तर पहिले काही महिने गुणपत्रिकेपेक्षा मुलाकडे पाहा. तो गप्प झाला आहे का? खेळात बाजूला उभा राहतो का? डबा तसाच परत आणतो का? या खुणा गुणांच्या आधी दिसतात.

जिताड्याची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. गोड्या तळ्यात तो चांगला पोसतो, पण तेथे त्याचा वंश वाढत नाही. त्यासाठी त्याला खाऱ्या पाण्याकडेच परतावे लागते. माजी विद्यार्थ्यांनो, तुम्ही हा बदल निभावून नेला आहे. येत्या जूनपासून वरच्या वर्गांतील मुलांसाठी महिन्यातील एक शनिवार द्या. कन्नड आणि इंग्रजीच्या पाण्यात तुम्ही कसे स्थिरावलात, हे त्यांना मराठीत सांगा.