हुकुमाची नक्कल बाईच्या हातात हवी

मैत्रिणींनो, पोटगीचा हुकूम होतो, बाई घरी जाते आणि कागद वकिलांच्या फायलीत राहतो. नवऱ्याने पैसे थांबवले की मग शोधाशोध. म्हणून केंद्रात येणाऱ्या प्रत्येकीला मी आधी विचारते, "नक्कल कुठंय?"

ती मिळवणं अवघड नाही. कोर्टाचं नाव, खटल्याचा नंबर, वर्ष आणि दोघांची नावं लिहून कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज द्यायचा. नंबर जुन्या समन्सवर सापडतो. शिक्का आणि सही असलेली प्रमाणित प्रतच मागा, साध्या झेरॉक्सवर भागवू नका.

पैशांपायी कुणी थांबू नये. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातलं कलम २४ आदेशाची प्रत मोफत द्यायला सांगतं. पोटगीच्या हुकुमाचंही तसंच. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२८ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४७ आहे. याच प्रतीवर नवरा जिथे असेल तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे वसुली मागता येते. मात्र थकलेल्या पोटगीच्या वॉरंटसाठी ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. कागद शोधण्यात वर्ष गेलं, तर तेवढे पैसे हातचे जातात.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपापली नक्कल घेऊन यावं. जिच्याकडे नसेल तिचा अर्ज तिथेच लिहू.