हौशी छायाचित्रण : शिकावे ते कसे?

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदा कार्यकारिणीपुढे एक प्रश्न आहे. फोटो काढायला शिकण्याची हौस असलेल्या सभासदांसाठी मंडळाने फंडातून पैसे काढून बाहेरचे शिक्षक बोलवावेत, की आपण आपसांतच शिकावे? पैसे मंडळाचे आहेत, म्हणजे आपल्या सगळ्यांचे आहेत. तेव्हा शिकण्याचे मार्ग कोणते, त्यांत आपल्यासारख्या संसारी बायकांना सोयीचा कोणता, याचा विचार आज मांडते.

कोणी म्हणेल, आता घरोघरी मोबाईल आहे, बोट टेकवले की फोटो निघतो. त्यात शिकायचे ते काय? भगिनींनो, बोट टेकवल्याने छायाचित्रण येत असते, तर विळीवर बसता येणारी प्रत्येकजण सुगरण ठरली असती!

पण ही हौस हवीच कशाला? आपल्या मंडळाचे जुने अल्बम काढून पाहा. पाहुण्यांना हार घालतानाचे फोटो ओळीने आहेत. पण त्या दिवशी पहाटेपासून सगळ्यांचा स्वयंपाक रांधणाऱ्या भगिनींपैकी एकीचाही फोटो नाही. घरोघरी हेच आहे. घरातली बाई गेली की भिंतीवर लावायला फोटो शोधण्याची धावपळ होते. मग कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तिचा चेहरा कापून मोठा करतात. चेहरा पुसट, बाजूला दुसऱ्याचा अर्धा खांदा! जिने जन्मभर घर उभे केले तिचा एक धड फोटो घरात निघू नये, याला काय म्हणावे? धंद्याचा फोटोग्राफर समारंभाला येतो. रोजच्या दिवसाला येत नाही. रोजचा दिवस टिपायचा तर घरातल्याच कोणीतरी टिपला पाहिजे. माझ्या मते या हौसेचे खरे मोल ते आहे.

आता आधी शिकायचे काय, ते पाहू. अंधाऱ्या खोलीच्या दाराला बारीक भोक असले, तर समोरच्या भिंतीवर उन्हातल्या अंगणाचे उलटे चित्र पडते. कॅमेरा म्हणजे तीच खोली. भोकाच्या जागी भिंग आले, आणि भिंतीच्या जागी पूर्वी फिल्म होती, आता सेन्सर आहे. त्यावर प्रकाश किती पडू द्यायचा हा सगळा प्रश्न. तो नळावर हंडा भरण्यासारखा आहे. नळ मोठा सोडला की हंडा लवकर भरतो, बारीक सोडला की वेळ लागतो. आणि भांडेच लहान घेतले तर थोड्या पाण्यातही भरते. नळ म्हणजे भिंगाचे छिद्र, वेळ म्हणजे शटर किती उघडे राहते तो काळ, आणि भांडे म्हणजे फिल्मची किंवा सेन्सरची प्रकाश टिपण्याची क्षमता, जिला आय.एस.ओ. म्हणतात. आय.एस.ओ.चा आकडा वाढवला म्हणजे भांडे लहान केले. काम लवकर भागते, पण चित्र रवाळ दिसू लागते.

मोठ्या कॅमेऱ्यावर छिद्राचे आकडे २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे असतात. आकडा मोठा तसे छिद्र लहान, आणि दर पायरीला प्रकाश निम्मा. शटरचे आकडे १/६०, १/१२५, १/२५० सेकंद असे जातात. तेथेही प्रकाश निम्मा निम्मा होत जातो. जुन्या हौशी लोकांचा एक ठोकताळा होता. लख्ख उन्हात छिद्र १६ वर ठेवावे, आणि फिल्मची क्षमता १०० असेल तर शटर सुमारे १/१०० सेकंद, म्हणजे कॅमेऱ्यावर १/१२५ ठेवावे. मोबाईलमध्ये छिद्र बहुधा कायमचे ठरलेले असते आणि बाकीचा हिशेब तो स्वतःच करतो. पण हिशेब ठाऊक असला की संध्याकाळी धावणाऱ्या नातवाचा फोटो का फरकटतो हे उमगते. प्रकाश कमी, म्हणून शटर जास्त वेळ उघडे राहते, आणि तेवढ्यात पोर हलते!

एवढे कळले की मार्गांकडे वळू. मुख्य मार्ग पाच आहेत.

पहिला मार्ग वर्गाचा. वर्गात क्रमाने शिकवतात, अडले तर विचारता येते, आणि ठरल्या वेळी घराबाहेर पडावेच लागते. हा फायदा लहान नव्हे. पण फी पडते आणि पुष्कळदा वेळ नेमकी दिवेलागणीची असते. कित्येक वर्ग लग्नसमारंभाचा धंदा करू पाहणाऱ्या मुलांसाठी असतात. तेथे पहिल्याच दिवशी मोठा कॅमेरा आणा म्हणतात. म्हणून नाव घालण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. वर्गात माणसे किती? मोबाईल घेऊन आले तर चालेल का? बाहेर नेऊन प्रत्यक्ष फोटो काढून घेता का? आणि दर खेपेला प्रत्येकीचे फोटो पाहून चुका सांगता का? शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले, तर फी वाचवावी हे बरे.

दुसरा मार्ग पुस्तकाचा. पुस्तक दुपारी निवांत उघडता येते आणि पुन्हा पुन्हा वाचले तरी कंटाळत नाही. कॅमेरे बदलले तरी प्रकाशाचे नियम बदलत नाहीत, म्हणून जुने पुस्तकही उपयोगी पडते. अडचण एवढीच, की इंग्रजी पुस्तकाची भाषा आपल्यातल्या पुष्कळजणींना अडते, आणि आपण काढलेला फोटो पुस्तकाला दिसत नाही.

तिसरा मार्ग मोबाईलवर व्हिडिओ पाहण्याचा. मराठीत, हिंदीत ते फुकट मिळतात, आणि मध्येच थांबवून पुन्हा पाहता येतात. पण एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा अशी दुपार निघून जाते आणि फोटो एकही निघत नाही. शिवाय त्यांत कोणता कॅमेरा विकत घ्यावा याचीच चर्चा फार. ज्यांना हा मार्ग बरा वाटतो त्यांनी एक नियम करावा : एक धडा पाहिला की तो हाताखालून गेल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही.

चौथा मार्ग जाणत्याच्या हाताखाली शिकण्याचा. भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला अशाच शिकल्या. त्यांचा जन्म १९१३ चा, नवसारीचा. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत त्या शिकल्या, आणि कॅमेरा त्यांना शिकवला तो माणेकशा व्यारावाला यांनी, जे पुढे त्यांचे पती झाले. कॉलेजात असतानाच एका सहलीचे फोटो काढण्याचे काम त्यांना मिळाले. आरंभी त्यांचे फोटो पतीच्या नावाने छापले जात. पुढे दिल्लीत त्यांनी देशाच्या मोठमोठ्या प्रसंगांचे फोटो काढले, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. तुमच्या घरात मुलगा, भाचा, दीर कोणी जाणता असेल, तर त्याला गाठावे. मात्र “दे इकडे, मीच काढतो” असे म्हणणारा गुरू उपयोगाचा नाही. कॅमेरा आपल्या हातात राहिला पाहिजे.

कोणी म्हणेल, त्या तरुणपणी शिकल्या. आमची चाळिशी उलटली, त्याचे काय? तर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या इंग्रज बाईंचे उदाहरण ऐका. त्यांचा जन्म कलकत्त्याचा, १८१५ चा. १८६३ मध्ये लेकीने आणि जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला, तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या! त्या काळी काचेवर रसायने लावून फोटो काढीत, काम मोठे कटकटीचे. बाईंनी कोळशाच्या खोलीत अंधारखोली केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याला काचा लावून स्टुडिओ थाटला. घरातली माणसे, कामाच्या मुली, शेजारीपाजारी यांना त्यांनी समोर बसवले, आणि पुढे डार्विनसारख्या शास्त्रज्ञाचाही फोटो काढला. त्यांची छायाचित्रे आजही संग्रहालयांत जपली आहेत. तेव्हा वयाची सबब आता कोणी सांगू नये.

पाचवा मार्ग समानशील मैत्रिणींचा, आणि तो मला आपल्याला सर्वांत सोयीचा वाटतो. यात नवे काही नाही. मुंबईत १८५४ मध्येच हौशी लोकांची फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातलेच एक हौशी छायाचित्रकार. अशा संस्थांचा मोठा उपयोग हा, की काढलेले चित्र चारचौघांपुढे ठेवावे लागते. आपले लोणचे खारट झाले हे आपल्या जिभेला कळत नाही. शेजारणीने चाखले की कळते. फोटोचेही तसेच आहे.

म्हणून माझी सूचना अशी. पाच-सहाजणींचे एकेक मंडळ करावे आणि पंधरा दिवसांतून एकदा एकीच्या घरी बसावे. प्रत्येकीने बाराच फोटो आणावेत. बारा का? पूर्वी पुष्कळ घरांत आग्फा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा असे. त्याच्या एका रोळात बाराच फोटो निघत. त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी माणूस विचार करी. आता मोबाईलमध्ये शेकडो फोटो निघतात आणि विचार राहून जातो. बाराची मर्यादा आपणच घालून घ्यावी.

पहिल्या खेपेला विषय प्रकाशाचा. एकच तांब्या एकाच खिडकीत ठेवून सकाळी, दुपारी, संध्याकाळी त्याचे फोटो काढावेत. दुसऱ्या खेपेला चेहरा. बाईला खिडकीजवळ बाजूने उजेड येईल अशी बसवावी, घरातला दिवा मालवावा. खिडकीकडे पाठ करून बसवली तर चेहरा काळवंडतो. बोटाने चेहऱ्यावर टेकवले म्हणजे मोबाईल चेहऱ्याचा उजेड धरतो. तिसऱ्या खेपेला काम करणारे हात : पोळी लाटणारे, फुले ओवणारे, मशीनवर शिवणारे. मोबाईलवर चित्र ओढून मोठे करू नये, त्याने ते फिसकटते. आपणच दोन पावले पुढे जावे. चौथ्या खेपेला मागची बाजू. डोक्यामागून दोरीवरचे कपडे डोकावत असले तर एक पाऊल बाजूला सरावे. आणि दर वेळी कोपरे अंगाशी धरावीत, भिंग मऊ फडक्याने पुसावे. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या मोबाईलवर तेलाचे बोट असायचेच!

मग फंडाच्या पैशांचे काय? ते सगळेच वाचवा असे मी म्हणत नाही. तीन महिने आपण आपले शिकू. त्यानंतर जाणत्या शिक्षकांना एक दिवस मानधन देऊन बोलवावे आणि प्रत्येकीचे बारा फोटो त्यांच्यापुढे ठेवावेत. तोवर काय विचारायचे ते आपल्याला कळू लागलेले असेल, आणि एका दिवसात वर्गाच्या महिन्याइतके पदरात पडेल. उरलेल्या पैशांतून निवडक फोटो कागदावर छापून मंडळाचा अल्बम करावा. मोबाईल बिघडला की फोटो गेले. कागद मागे राहतो. फोटोमागे पेन्सिलीने नाव, गाव, तारीख लिहावी, नाही तर पन्नास वर्षांनी “या कोण?” असे म्हणायची पाळी येते. आणि विचारल्याशिवाय कोणाचा, विशेषतः लेकरांचा, फोटो बाहेर पाठवू नये. एखादी नको म्हणाली तर मोबाईल खाली ठेवावा.

अल्बमचे पहिले पान आपल्या सर्वांत वडील सभासदांसाठी ठेवावे असे मला वाटते. त्यांना त्यांच्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या लुगड्यात बसवून सावकाश काढलेला, डोळे स्पष्ट दिसणारा एकेक फोटो. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही, हे आपण सगळ्याच जाणतो. पहिले मंडळ पुढच्या गुरुवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत बसेल. ज्यांना यायचे असेल त्यांनी सभा संपल्यावर चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत.