सही कुणाची, बिल कुणाचे?



इतिहास, संतवाङ्मय, पर्यावरण अशा विषयांच्या व्याख्यानमालेत आजचे पुष्प फ्रान्सच्या फौजदारी कायद्यातल्या परवानग्या आणि बिले यांचे आहे. विषय ऐकून कुणाला चहा आठवला असेल तर त्यांनी खुशाल उठावे; अध्यक्षांना मात्र ती मुभा नाही. आरोपीला अडकवणारा प्रयोगशाळेचा अहवाल कोर्टात येतो, तेव्हा तो कुणाच्या सहीने मागवला आणि पैसे कुणी मोजले, हे आपण सहसा विचारत नाही. फ्रेंच संहिता विचारते, आणि बारकाईने विचारते.

आधी सहीचे पाहू. तिथे परीक्षा पास झाली, गणवेश मिळाला, एवढ्याने तपासाचे पूर्ण अधिकार हाती येत नाहीत. ज्याला तिकडे सगळे ‘ओपीजे’ म्हणतात, त्या न्यायिक पोलीस अधिकाऱ्याला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 16 नुसार अपील कोर्टाच्या प्रोक्युरर जनरलकडून, म्हणजे तिथल्या मुख्य सरकारी वकिलाकडून, नावानिशी मंजुरी घ्यावी लागते. पोलिसाचा पगार आणि बदली गृहखात्याच्या हातात. पण माणसाला पोलीस कोठडीत ठेवण्याचा अधिकार न्यायखात्याच्या मंजुरीवर अवलंबून. वागणूक बिघडली तर तीच मंजुरी दोन वर्षांपर्यंत स्थगित होते किंवा कायमची जाते. वर प्रोक्युरर जनरल त्याला गुण देतो, आणि बढतीच्या वेळी ते पाहावे लागतात. एका नोकराला दोन धनी दिले की तो एकाचाही पुरता मिंधा राहत नाही, असा हा हिशेब असावा.

आता तज्ज्ञ. समजा, लिऑनमध्ये रात्री दुकान फुटले आणि पोलीस तासाभरात पोचले. गुन्हा ताजा, म्हणून कलम 60 खाली काचेवरचे रक्त तपासायला अधिकारी स्वतःच जाणकार बोलावू शकतो. तेच काम साध्या प्राथमिक तपासात करायचे, तर कलम 77-1 आडवे येते: आधी प्रोक्युररची, म्हणजे सरकारी वकिलाची, परवानगी. ती फोनवर मिळाली तरी चालते, पण कागदावर तिची नोंद हवी. ती न दिसल्यामुळे अहवाल बाद करण्यापर्यंत प्रकरणे गेली आहेत. नंतरच्या सुधारणांनी काही बाबतींत आगाऊ सर्वसाधारण परवानगीची वाट उघडली. बोलावलेला माणूस अपील कोर्टाच्या किंवा कॅसेशन या सर्वोच्च कोर्टाच्या तज्ज्ञ-यादीत नसेल, तर त्याच्याकडून लेखी शपथ घेतात. यादीतले स्थानही कायमचे नव्हे: पहिल्यांदा तीन वर्षे, मग पाच-पाच वर्षांनी पुन्हा अर्ज.

इथवर सगळे ठाकठीक. पैशाशी आलो की सूर बदलतो.

दिवाणी दाव्यात न्यायाधीश आगाऊ रक्कम भरायला लावतो आणि अहवाल आल्यावर तज्ज्ञाने किती खटपट केली, मुदत पाळली का, कामाचा दर्जा काय, हे पाहून मानधन ठरवतो. पक्षकाराकडून परस्पर एक पैसा घ्यायला तज्ज्ञाला बंदी. फौजदारीत खर्च सरकारचा. 1993 पासून तो दोषी ठरलेल्याच्याही माथी मारत नाहीत, त्याच्याकडून फक्त एक ठरावीक शुल्क घेतात. अंदाज 460 युरोंच्या वर गेला की तज्ज्ञाने काम सुरू करण्याआधी कोर्टाला कळवायचे, आणि प्रोक्युररने पाच दिवसांत आपले म्हणणे मांडायचे. 2006 पूर्वी या खर्चाची तरतूद अंदाजी होती, लागेल तसे पैसे निघत. त्यानंतर नव्या अर्थसंकल्पी कायद्याने कमाल मर्यादा घातली. तपास किती खोल जायचा याचा निर्णय तेव्हापासून थोडाफार हिशेबनिसाच्या टेबलावरही होऊ लागला, असे माझे मत आहे.

याच सुमारास ऊत्रो गावचे प्रकरण गाजत होते. मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या त्या खटल्यात 17 आरोपी होते. 2004 आणि 2005 मिळून 13 जण निर्दोष सुटले, त्यांतले कित्येक दीर्घकाळ तुरुंगात काढून. मुलांची तपासणी केलेल्या मानसतज्ज्ञांपैकी एकजण तेव्हा बोलून गेला, की सफाईवालीच्या दराने पैसे दिलेत तर अहवालही त्याच दर्जाचा मिळणार. देशभर संताप उसळला, आणि तो रास्तच होता; सफाईवाल्या बायांनीही रागवायला हरकत नव्हती, कारण त्या ठरल्या दरात फरशी स्वच्छच करतात. पण कुत्सितपणा बाजूला ठेवला, तर तक्रार खोटी नव्हती. तासन् तास बोलून लिहायच्या मानसतपासणीला ठरावीक दर असेल, तर अनुभवी माणसे यादीतून आपले नाव हळूच काढून घेणारच.

आणि आता जी गोष्ट मला खुपते ती. गुन्हेगारांच्या नोंदींचे संगणकीय संच, ठशांचे, डीएनएचे, फक्त खास मंजुरी मिळालेल्या कर्मचाऱ्यांनीच उघडावेत, असा नियम आहे. पण 24 जानेवारी 2023 च्या कायद्याने जे कलम 15-5 स्पष्ट शब्दांत मांडले ते असे: त्या मंजुरीचा उल्लेख कागदपत्रांत नसला, तरी तेवढ्याने कार्यवाही रद्द होणार नाही. न्यायाधीशाने खातरजमा करायची तर करावी, आरोपीनेही तशी मागणी करावी. म्हणजे आधी कागदावर असायला हवी होती ती गोष्ट शोधून काढण्याचा व्याप आता बचावाच्या वकिलाकडे आला. तज्ज्ञाला मात्र अशी सवलत नाही. काम संपल्यापासून वर्षाच्या आत त्याने बिल सादर केले नाही, तर पैसे बुडाले.