रूप निराळे, जीव समान

(व्याख्यानाचा संपादित भाग)



कुंडल ही भगवान पार्श्वनाथांची पावन भूमी. येथे येणारा यात्रेकरू प्रभूंच्या मस्तकावरील नागफणांपुढे नतमस्तक होतो. मात्र तोच नाग शेताच्या बांधावर दिसला, की जोडलेल्या हातात काठी येते. जळत्या ओंडक्यातील सर्पयुगुलासाठी कुमार पार्श्वनाथांचे अंतःकरण द्रवले, ही कथा लहानपणापासून सर्वांच्या कानावर असते. तरीही मूर्तीतला सर्प वंदनीय आणि शेतातला वध्य, अशी विसंगती समाजात नांदते.

तीर्थंकरांच्या लांछनांत सिंह, हत्ती, वृषभ आहेत. तसेच पुष्पदंत भगवंतांची मगर, श्रेयांसनाथांचा गेंडा, विमलनाथांचा वराह आणि मुनिसुव्रतनाथांचे कासवही आहे. ज्यांना लोक कुरूप म्हणतात, त्यांनाही या परंपरेने प्रभूंच्या चरणांशी स्थान दिले.

निसर्गात विचित्र असे काही नसते. प्रत्येक अवयवामागे प्रयोजन असते. ऑस्ट्रेलियातील प्लॅटिपसचे कातडे अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडला पोहोचले, तेव्हा बदकासारखी चोच कोणी तरी शिवून लावली असावी, असा विद्वानांना संशय आला. वास्तविक त्या चोचीनेच तो गढूळ पाण्यात भक्ष्य हुडकतो. मादागास्करमधील आय-आय या प्राण्याचे मधले बोट काडीसारखे बारीक व लांब असते. त्याने लाकूड ठोठावून तो आतील अळ्या शोधतो. परंतु त्याचे दर्शन अशुभ मानून तेथे अनेकदा त्याला ठार मारले जाते.

अशा घटना दूरदेशीच घडतात, असे मात्र नाही. सह्याद्रीत खवले मांजर आढळते. नाव मांजराचे असले, तरी मांजराशी त्याचे नाते नाही. अंगभर खवले असणारा सस्तन प्राणी जगात हाच. त्याला दात नसतात. लांब, चिकट जिभेने तो मुंग्या व वाळवी टिपतो. संकट येताच अंगाचे वेटोळे करतो. या चिलखतापुढे हिंस्र पशूही हतबल होतात. माणूस मात्र ते वेटोळे सहज उचलून पोत्यात घालतो. त्याचे खवले औषधी असल्याच्या समजुतीतून त्याची चोरटी शिकार होते. हे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे, केराटिनचे, बनलेले असतात. त्यांत औषधी गुण असल्याचे सिद्ध झालेले नाही. २०१६ मध्ये खवले मांजराच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. चिपळूणची ‘सह्याद्री निसर्गमित्र’ ही संस्था कोकणातील गावकऱ्यांना बरोबर घेऊन त्याच्या रक्षणासाठी झटत आहे.

मांडुळाची व्यथाही अशीच आहे. त्याची शेपटी तोंडासारखी बोथट असल्याने त्याला दुतोंड्या म्हणतात. हा बिनविषारी साप मातीत राहतो आणि उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य राखतो. पण गुप्तधनाच्या लोभाने त्याची तस्करी होते. त्या बाजारात त्याला ‘डबल इंजिन’ म्हणतात! ज्या शेपटीने शत्रूला चकवायचे, तीच त्याच्या जिवावर उठते. त्याने कोणाला धन मिळवून दिले नाही; त्याच्यापायी कारावास मात्र अनेकांच्या वाट्याला आला.

याउलट, माणसाने मनावर घेतले तर काय घडते, याचे उदाहरण कुंडलच्या शेजारीच आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरावर सागरेश्वर अभयारण्य उभे राहिले. १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. जेमतेम ११ चौरस किलोमीटरच्या या रानात चितळ, सांबर, काळवीट यांबरोबर तरसही आढळते. पाठ उतरती आणि आयाळ ताठ, म्हणून तरसाला कोणी सुंदर म्हणत नाही. पण मेलेली जनावरे खाऊन ते रान स्वच्छ राखते.

जीवदया म्हणजे केवळ कबुतरांना दाणे घालणे नव्हे. देखण्या जिवावर प्रेम कोणीही करील. करुणेची कसोटी लागते ती ओबडधोबड जिवापुढे. नांगरताना मांडूळ निघाले, तर त्याला मातीत जाऊ द्यावे. घरात साप शिरल्यास काठी न उचलता वनखात्याला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवावे. भिलवडी, औदुंबर परिसरात कृष्णेकाठी मगरी आहेत. तेथे पाण्यात उतरण्याचा मोह टाळावा, मुलांना जपावे. परंतु तिच्या जिवावर उठू नये. एवढे घरोघरी पाळले गेले, तरी देवळातील नागफणांपुढे जोडलेल्या हातांना अर्थ येईल.

जगा आणि जगू द्या!