मज्जातंतूची दुरुस्ती, भूक आणि शरीरातील घड्याळ



कडबाकुट्टीत सापडून हाताचा मज्जातंतू तुटला, तर वरची जखम काही आठवड्यांत भरून येते. बोटे मात्र निर्जीवच राहतात. शल्यचिकित्सक तंतूची टोके जुळवून टाके घालतात, तरी खरे काम त्यानंतर सुरू होते. तुटलेल्या जागेपासून नवा तंतू पुढे वाढत जातो आणि त्याचा वेग दिवसाला साधारणतः १ मिलिमीटर एवढाच असतो. कोपरापासून तळहातातील स्नायूंपर्यंतचे अंतर ३०० मिलिमीटर धरले, तरी दहा महिने लागतात. तोवर आज्ञेवाचून राहिलेला स्नायू झिजत असतो. वर्ष-दीड वर्ष उलटून गेल्यावर तंतू पोहोचला, तरी स्नायू बहुधा प्रतिसाद देत नाही. हा वेग किंचित वाढविता आला, तरी कित्येक कष्टकऱ्यांचे हात पुन्हा कामास येतील.

या वेगावर कशाचा प्रभाव पडतो, याचा शोध लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधील चेताशास्त्रज्ञ सिमोने दि जिओवानी व त्यांचे सहकारी घेत आहेत. त्यांना मिळालेली उत्तरे काहीशी अनपेक्षित आहेत.

त्यांचे एक संशोधन २०२२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. काही उंदरांना एक दिवसाआड उपाशी ठेवण्यात आले, इतरांना हवे तेव्हा खाऊ दिले. त्यानंतर पायाकडे जाणाऱ्या सायटिक मज्जातंतूस इजा करण्यात आली. उपाशी राहिलेल्या उंदरांत तंतूची वाढ सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. याचे कारण मेंदूत नव्हे, आतड्यात सापडले. उपवासामुळे तेथील विशिष्ट जिवाणूंकडून तयार होणारे एक आम्ल रक्तात वाढते. इंडोल-३-प्रोपिऑनिक आम्ल हे त्याचे नाव. हे आम्ल तयार करण्याची क्षमता काढून घेतलेले जिवाणू दिले असता तो लाभ दिसला नाही. उलट, इजा झाल्यानंतर केवळ ते आम्ल दिले, तरी तंतूची वाढ सुधारली आणि संवेदना लवकर परतली. म्हणजे रुग्णाला उपाशी न ठेवताही औषधाचा मार्ग निघू शकेल, अशी आशा आहे.

आपल्याकडे उपवास घरोघरी असतात; तथापि ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हणही आपलीच! साबुदाणा, बटाटा आणि शेंगदाणे यांच्या फराळाचा या प्रयोगाशी संबंध जोडता येणार नाही. मधुमेहाच्या रुग्णाने तर अशा वाचनावरून आपल्या मनाने उपवास सुरू करणे धोक्याचे ठरेल.

दुसरे उत्तर घड्याळाचे आहे. लाजाळूचे रोप अंधाऱ्या जागी ठेवले, तरी आपल्या ठराविक वेळी पाने उघडते, हे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ द मेराँ यांनी १७२९ मध्येच नोंदविले होते. शिक्षक बंधु-भगिनींना हा प्रयोग वर्गात सहज करून दाखविता येईल. असेच घड्याळ आपल्याही शरीरात आहे. मुख्य घड्याळ मेंदूत असून ते प्रकाशावर लावले जाते. यकृतादी अवयवांची घड्याळे जेवणाच्या वेळांवरही चालतात. भूकसुद्धा केवळ रिकाम्या पोटाची गोष्ट नव्हे. अमेरिकेतील २०१३ सालच्या एका अभ्यासात ती सकाळी मंद आणि रात्री आठच्या सुमारास तीव्र असल्याचे दिसून आले.

दि जिओवानी यांच्या गटाने २०२३ मध्ये दाखवून दिले, की उंदरांच्या संवेदी चेतापेशींतही असे घड्याळ असते आणि तुटलेला तंतू वाढविण्याची त्यांची क्षमता दिवसाच्या वेळेनुसार कमी-अधिक होते. ‘बीमॅल-१’ हे या घड्याळातील एक महत्त्वाचे जनुक. ते त्या पेशींतून काढून टाकले असता हा चढउतार राहिला नाही, आणि तंतूचे आपल्या ठिकाणी पुन्हा पोहोचणेही बाधित झाले. लिथियम या जुन्या औषधाने साध्या उंदरांत वाढीस चालना मिळाली. ज्यांचे घड्याळच बंद होते, त्यांच्यात मिळाली नाही.

उंदीर हा निशाचर प्राणी, मनुष्य दिवसाचा. शिवाय उंदराच्या पायातील अंतर काही सेंटिमीटरचे. मनुष्याच्या कमरेपासून पावलापर्यंतचे एक मीटरच्या आसपास. तेव्हा मनुष्यावरील कसोट्यांपूर्वी औषधाची घाई कोणी करू नये. लिथियम तर रक्ततपासणीखेरीज देतच नाहीत. तोवर बोट बधिर झालेला जखमी मनुष्य केवळ मलमपट्टी करून घरी परतत असेल, तर त्याला त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात पोहोचविणे गावाच्या हाती आहे. कारण दिवसाला एक मिलिमीटरचा हिशेब तंतू जोडल्यापासूनच सुरू होतो.